आधी फोटो, मग हात

॥ श्री ॥

कोलंबस, ओहायो
९ मार्च २०२५

ती. आत्यास,
वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र नवीन घेतलं तरी तुला फोनवर नुसती शिट्टीच ऐकू येते असं बाबा म्हणाले, म्हणून पुन्हा आपली पत्रं. हाताने लिहून स्कॅन पाठवते आहे, तू झेरॉक्सच्या दुकानातून छापून घे. मला हे बरंच वाटतं. दहाव्या वर्षी नाशिक सुटलं तरी माझं मराठी टिकलं ते तुझ्या पत्रांमुळे, आणि तू लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलेल्या माझ्या पत्रांमुळे.

तुला एका कॉलेजच्या प्रवेशाचं कळलंच आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्याचंही आलं, आणि तिथूनच घरात अबोला सुरू झाला. इथे डॉक्टर व्हायला दोन वाटा आहेत. ॲलोपॅथिक कॉलेजातून एम.डी. होतात आणि ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून डी.ओ. दोघेही औषधं देतात, ऑपरेशनं करतात, एकाच हॉस्पिटलात शेजारी शेजारी काम करतात. फरक एवढाच, की दुसऱ्या कॉलेजात हाताने तपासायला आणि हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करायला जास्तीचं शिकवतात. पहिलं कॉलेज मोठ्या शहरातलं आणि नावाजलेलं आहे. दुसरं डोंगरातल्या एका लहान गावात आहे, जिथे खाणी बंद पडल्या आणि डॉक्टर टिकत नाहीत. मला ते गाव पाहून सुरगाण्याची आठवण झाली, तू तिथल्या शाळेत शिकवायचीस तेव्हा जीपमधून मला न्यायचीस ना, तसं.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. बाबा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त मीठ मागायला बोलले. एप्रिलअखेर एकाला होकार द्यायचा आहे. तुझं मन काय म्हणतं ते मोकळेपणाने लिही, आणि जमलं तर बाबांना समजाव.

लोभ आहेच, तो रागावल्यावरही असू दे.

तुझी,
वेदिका


॥ श्री ॥

कोलंबस
११ मार्च २०२५

ती. ताईस,
महेशचा सा. न. वि. वि.

वेदूने तुला पत्र पाठवलं आहे हे मला माहीत आहे. तिची बाजू तू वाचली असशीलच, आता माझी वाच.

ती कॉलेजं सारखीच आहेत, कायद्याने हक्क सारखेच आहेत, हे मला तिने पटवून दिलं आहे. मी भांडतोय ते त्यावरून नाही. ताई, इतकी वर्षं मी इथे माझं आडनाव फोड करून सांगतोय. बँकेत, दवाखान्यात, तिच्या शाळेत. प्रत्येक ठिकाणी आधी आपण कोण ते समजवायचं आणि मग कामाचं बोलायचं. डी.ओ. म्हणजे काय हे इथल्याही पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. समोर चालून आलेलं मोठं नाव सोडून माझ्या मुलीने आयुष्यभर आपली पदवी समजावत बसावं, हे मला बघवणार नाही.

हिचं म्हणणं, पोरीला ठरवू द्या. पण पोर तुझं ऐकते. तिला दोन शब्द लिही. माझ्या सांगण्यावरून लिहिलं असं मात्र दिसू देऊ नकोस.

प्रकृतीला जप. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
महेश


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
२३ मार्च २०२५

चि. वेदिकास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मोठं करून छापायला सांगितलं, तर दुकानदाराने इतकं मोठं केलं की एका पानावर चार ओळी बसल्या. शाळेच्या भिंतीवरचे तक्ते वाचावेत तशी मी उभी राहून वाचत होते. तुझ्या बाबाचंही पत्र आलं. त्याने सांगितलं आहे की त्याने सांगितलं असं सांगू नकोस, म्हणून मी सांगत नाही.

आधी माझा गाढवपणा ऐक. पहिल्या कॉलेजचं कळलं तेव्हा मला वाटलं, झालं. आपल्याकडे मिळालेली सीट कोणी सोडतं का? मी लगेच पिंपळगावला आपल्या रवीकाकाला कळवलं, पेढे वाटले, आणि त्याने मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लावला. फोटो मागच्या खेपेच्या दिवाळीतला आहे. हातातली चकली त्यांनी काढून टाकली, पण ती धरलेली बोटं तशीच राहिली आहेत. खाली कॉलेजचं नाव ठळक अक्षरात आणि शुभेच्छुक म्हणून निम्मं गाव. पाडव्यानंतर मंडळाने सत्कार ठेवला आहे. तू नसलीस तरी शाल-श्रीफळ मी घ्यायचं, अशी आपल्याकडची रीत.

पण फ्लेक्ससाठी कोणी डॉक्टर होत नाही. मला तुझं दुसरं कॉलेज नको आहे त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते तुला नीट कोणी सांगितलेलं नाही. तुझे आतोबा गेले तेव्हा तू बालवाडीत होतीस.

ह्यांची पाठ दुखायला लागली तेव्हा कोणीतरी एका मणके बसवणाऱ्याचं नाव सुचवलं. मी नको म्हणत होते. पण तो दाबायचा, ह्यांना दोन दिवस बरं वाटायचं, मग माझं कोण ऐकतंय. पावसाळा गेला, थंडी गेली. रात्रीची झोप उडाली, पँटी कमरेवर राहीनात, आणि तो माणूस दाबतच राहिला. शेवटी एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा मणक्यात गाठ निघाली आणि ती पसरली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. वेदू, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि ते ऐकायला मला यंत्र लागत नाही.

तेव्हापासून हाताने बरं करतो म्हणणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. तुझं कॉलेज तसलं नाही हे तू लिहिलंस आणि मी वाचलं. पण मला तेवढ्याने चैन पडत नाही. एकच विचारते. हे तुझ्यासमोर येऊन बसले असते, तर तू आधी पाठीला हात लावला असतास की फोटो काढायला पाठवलं असतंस? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं लिही.

तिकडे थंडी असेल, कानाला बांधत जा. आशीर्वाद आहेतच, ते उत्तरावर अवलंबून नाहीत.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥

कोलंबस
६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आतोबांचा आवाज मला आठवतो, चेहरा नीट आठवत नाही, याचं वाईट वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की मला माहीत नाही. मी अजून काहीच शिकलेले नाही. म्हणून मी दोन्ही कॉलेजांतल्या एकेका प्राध्यापकांना लिहिलं. आतोबांचं नाव न घालता सगळी हकीकत कळवली आणि तुमच्यासमोर हा माणूस आला असता तर काय केलं असतं, असं विचारलं.

दोघांनीही उत्तर पाठवलं, आणि दोघांचं जवळजवळ एकच आहे. वय, रात्रीचं दुखणं आणि उतरणारं वजन एकत्र दिसलं की पाठीवर काही करायचं नाही, आधी आत काय आहे ते बघायचं. ऑस्टिओपॅथिकच्या बाईंनी पुढे लिहिलं आहे की हात कुठे लावायचा याच्या आधी तो कुठे लावायचा नाही हे त्या शिकवतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याला पुढे जाऊ देत नाहीत. खरं सांगू, एकाचं उत्तर चुकेल आणि माझी निवड सोपी होईल असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. तुझी भीती खरी आहे, पण ती या दोहोंपैकी कुठल्याच कॉलेजबद्दल नाही.

बाईंनी शेवटी मलाच उलट विचारलं, की शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ कोण असायचं. आजार बरा होणार नाही असं कळलं की लोक हात मागे घेतात, आणि नेमकं तेव्हाच हाताला काम असतं, असं त्यांनी लिहिलं. मानेखाली हात धरला, पाय चोळले, तरी दुखणाऱ्याला थोडी झोप लागते. मला उत्तर ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, ताई रोज तळपाय चोळत बसायची, आणि तेवढा वेळ भाऊजी कण्हायचे थांबायचे. मग ते उठून गॅरेजमध्ये गेले. सकाळी त्यांनी विचारलं की डोंगरातल्या त्या गावात भाड्याने खोली कशी मिळते.

आत्या, मी तेच कॉलेज घ्यायचं ठरवलं आहे. पदवी समजावून सांगावी लागेल तर सांगेन, बाबांनी आडनाव सांगितलं तशी. तुझी परवानगी मागत नाही, पण तू मनातून दुरावलीस तर ते मला सोसणार नाही. फ्लेक्सबद्दल रवीकाकांची माफी माग.

जसा लोभ होता तसाच माझ्यावर राहू दे.

तुझी,
वेदिका


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
२० एप्रिल २०२५

चि. वेदिकास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे. मी तळपाय चोळायचे ते महेशने पाहिलं होतं हे मला माहीत नव्हतं. ह्यांना त्याने खरंच बरं वाटायचं की मीच आपली समजूत करून घेत होते, हे विचारायला कोणी नव्हतं. तुझ्या त्या बाईंनी ओळखदेख नसताना सांगून टाकलं. मी पोटभर रडले, आणि मग चहा केला.

सत्कार पार पडला. कॉलेज बदललं म्हटल्यावर रवीचा चेहरा उतरला. एवढं लय मोठं नाव सोडून पोरगी डोंगरात कशाला चालली, हे त्याला काही केल्या समजेना. शेवटी त्याने जुन्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून नवीन नाव लिहून घेतलं, पण ते पट्टीत मावलं नाही आणि शेवटची दोन अक्षरं तुझ्या खांद्यावर चढली आहेत. समारंभात एकाने भर सभेत विचारलं की ही डॉक्टर हाडं दाबते की कसं. माइक माझ्या हातात होता. मी म्हटलं, दाबेल, पण आधी फोटो बघेल. लोक हसले. मग मी ह्यांची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच चारचौघांत. खाली उतरल्यावर दोन बायका येऊन आपापल्या नवऱ्यांच्या पाठदुखीचं विचारून गेल्या. मी दोघींनाही दवाखान्यात पाठवलं.

आता एक गोष्ट लिहिते, ती महेशला सांगू नकोस. वर्ष झालं, माझा उजवा हात वर जात नाही. वेणी घालता येईना म्हणून मी केस कापले आणि सगळ्यांना उन्हाळ्याचं कारण सांगितलं. डॉक्टरांनी फोटो काढायला आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जायला कधीच सांगितलं होतं. मी दोन्ही केलं नाही. फोटोत काय निघेल याची भीती, आणि कोणाचा हात अंगाला लागेल याची त्याहून जास्त.

तुझं पत्र आल्यावर जाऊन फोटो काढला. गाठबीठ काही नाही, खांदा नुसता आखडला आहे. सोमवारी त्या बाईंकडे गेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले. दुखलं, पण मी उठून आले नाही. रोज जाते आहे.

आत्ता हात कानापर्यंत पोचतो. तू सुट्टीत येशील तोवर तो बहुतेक पुरता बरा झालेला असेल आणि तुला करायला काही उरलेलं नसेल. तरी तू एकदा हात लाव.

होकार वेळेत कळव, शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. माझी माया तुझ्या पाठीशी आहे, ती तशीच राहील.

तुझी,
आत्या