मनीला अंगण दाखवताना

१० जानेवारी १९५७

पुन्हा ओला! बाबांच्या खोलीतला जिन्याकडचा कोपरा, या आठवड्यात तिसऱ्यांदा. कमलवहिनी नाकाला पदर लावून दारात उभ्या. त्यांना दिवस गेलेले, वासानं उमासे येतात. त्यांची चूक नाही.

दादानं निकाल दिला — "तीन फेब्रुवारीला हिचं डोहाळजेवण. तिकडची माणसं येणार. तोवर मांजर बाहेर जायला शिकलं तर ठीक, नाही तर पोत्यात घालून तापीपार!"

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं म्हणतात. म्हणून आमच्या गल्लीत कोणी मारत नाही, नदीपलीकडे नेऊन सोडतात. पाणी ओलांडलं की त्याला वाट सापडत नाही. पुढे त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

आई गेली त्या वर्षी बाबांनी गिरणीच्या सूतगोदामातून मनीला कोटाच्या खिशात घालून आणलं. गल्लीत कुत्री फार, म्हणून माडीवरच वाढली. राखेच्या घमेल्यात बसते. खाली कधी उतरलीच नाही. दिवाळीत बाबांच्या डाव्या पायातलं बळ गेलं, तेव्हापासून दोघं दिवसभर वरच. ते तिच्याशी बोलतात तेवढं आमच्याशीही बोलत नाहीत. ती गेली तर ते कोणाशी बोलतील?

मी शिकवीन तिला. पन्नास मुली शिकवते, एक मांजर काय!

११ जानेवारी

शेजारच्या मथुराबाई पोट धरून हसल्या. "बी.ए. झाली अन् आता मांजराले हगाले शिकवतेस का माय?" पण युक्ती त्यांनीच दिली. "तिले तिचाच वास लागतो. घमेलं एकदम अंगणात नको नेऊ, बावचळून जाईन ते. एकेक पायरी उतरव. मंग तिचीच राख मातीवर पसर."

पायऱ्या अकरा. रोज एक.

१४ जानेवारी

घमेलं चौथ्या पायरीवर. राखेत दोन मुठी माती मिसळली. मनी वर उभी राहून बराच वेळ बघत होती, मग उतरली!

बाबांना तिळगूळ दिला. लाडू हातातच धरून म्हणाले, "कितवी पायरी?"

"चौथी."

"बेस."

१७ जानेवारी

सातवी पायरी. कोपरा मात्र सकाळी ओलाच. दादा म्हणाला, "तुझी विद्यार्थिनी दोन्ही वर्गांत हजेरी लावते वाटतं!"

शाळेत नव्या राजधानीचा, भोपाळचा कागद आलाय. यापुढे सगळा पत्रव्यवहार हिंदीत. हेडबाई माझ्याकडूनच लिहून घेतात. माझी पदवी नागपूरची, आणि नागपूर आता दुसऱ्या राज्यात! माणसांना एका कागदानं हलवतात. मांजराला अकरा पायऱ्या लागतात.

२२ जानेवारी

जमलं!! लिंबाच्या झाडाखाली माती भुसभुशीत करून तिची राख वर पसरली होती. रोजच्यासारखी सकाळी बाबांना धरून मागच्या संडासाकडे नेत होते. अकरा पायऱ्या उतरायला आम्हाला पाव तास लागतो. मनी आमच्या मागे मागे आली. उकरलं. बसली. माती ओढून नीट झाकलं! मी टाळ्या वाजवल्या. बाबा माझ्या खांद्यावर हात टाकून उभे होते. म्हणाले, "तुले जमलं बुवा, मने."

संध्याकाळी घमेलं घासून उन्हात पालथं घातलं. वहिनींनी मला शिरा करून दिला.

२४ जानेवारी

ओला.

वहिनी रडल्या. "वन्सं, तुम्ही किती मेहनत घेता ते दिसतं मला. पण मी किती दिवस काढू असे?"

मला काय झालं कळत नाही. मनीला मानेला धरलं आणि तिचं नाक त्या ओल्यात घासलं. दोनदा. ती ओरडलीसुद्धा नाही. बाबा खाटेवरून बघत होते. "पुरे गं," एवढंच म्हणाले. 

मी हात धुतले. परत धुतले.

२५ जानेवारी

मनी माझ्याजवळ येत नाही.

२७ जानेवारी

रविवार. दिवसभर तिच्यावर पाळत ठेवली. दोनदा लिंबाखाली गेली, दोनदा झाकून आली. मग कोपऱ्यात का? वहिनी म्हणतात, मांजर डूख धरतं, तुम्ही घमेलं काढलंत त्याचा सूड. असेलही. मी नाक घासलं, त्याचाही असेल.

२९ जानेवारी

दादा नेऊन आला.

सकाळी कोपरा बघितला आणि सरळ पोतं घेऊन वर गेला. मी आडवी आले — "अजून पाच दिवस आहेत!"

"मुदत शिकायला होती. शिकली का?"

मी बाबांकडे धावले. "तुम्ही सांगा ना त्याला! तुमचं ऐकेल तो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "नेऊ दे."

ती पोत्यात मुकाट गेली. दादानं उचललं म्हणून खुशीत होती बहुतेक. दारात त्यानं पोत्याला तीन फेरे दिले, दिशा विसरावी म्हणून. तेव्हा ओरडायला लागली.

बाबांवर इतकी मी आयुष्यात रागावले नव्हते. मुलीसारखी वाढवलेली, आणि एक शब्द टाकवला नाही!

३१ जानेवारी

कोपरा कोरडा. कालही होता. दादा जेवताना म्हणाला, "बघ." मी ताटावरून उठले.

१ फेब्रुवारी

कोरडा. बाबांनी चहा सोडलाय. पाणीही घोटभरच. ओठ फुटलेत. "घ्या ना बाबा." "नको." मनीचं दुःख, दुसरं काय! मनात म्हटलं, एवढं होतं तर अडवलं का नाही?

३ फेब्रुवारी

डोहाळजेवण झालं. बाबांना धुवट धोतर, कोट घालून खुर्चीवर बसवलं. वहिनींच्या आई माडी बघून म्हणाल्या, "घर कसं लख्ख ठेवलंय!" वहिनी किती दिवसांनी हसल्या. व्याही बाबांना सोडेनात — "घ्या हो, आणखी एक पेला मठ्ठा, नातवासाठी!" बाबा नको नको म्हणत तीन पेले प्यायले. चला, पोटात काही गेलं.

४ फेब्रुवारी

कोपरा ओला. बाबांचं धोतरही. भिंतीला धरून तिथवर गेले असावेत. खाटेवर पाठ करून पडले होते, माझ्याकडे बघितलं नाही. मी कोपरा पुसला, धोतर बदललं.

जिन्यातून वहिनींनी विचारलं, "वन्सं, आज परत?"

"मनी आली होती," मी म्हटलं. "आत्ताच पळाली खिडकीतून."