आमच्या लॅबमध्ये जी ९८०

२२ जून १९५३

कॉलेज सुरू झालं. यंदा संकल्प एकच. एम. एस्सी. उरकून टाकायची. टर्म्स भरून पाच वर्षं झाली, फक्त परीक्षा राहिली आहे.

कारणही तसंच आहे. आमचे फिजिक्सचे हेड प्रो. जयवंत आज जिन्यात भेटले. म्हणाले, पुढच्या जूनपासून आपल्याकडे बी. एस्सी.चा वर्ग निघेल, फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीची कमिटी लॅब बघायला येईल, मग एक लेक्चरर लागेल. हे बोलताना माझ्याकडे बघत होते. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं हे खरं. तरी बघत होते.

सहा वर्षं मी डेमॉन्स्ट्रेटर. वर हॉलमध्ये लेक्चरर बोलतात, खाली लॅबमध्ये पोरांना फिजिक्स शिकवतो तो मी. नाव त्यांचं. पोरं मला पाठीमागे 'डेमो' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पुढच्या जूनमध्ये बघू.

२३ जून

अभ्यासाला बसलो. तेवढ्यात एमिलियाचा भाऊ अर्बन बोंबील घेऊन आला. बायकोच्या भावासमोर पुस्तक उघडं ठेवणं बरं दिसत नाही. १ जुलैपासून सुरुवात करावी. महिन्याची पहिली तारीख हिशेबाला सोपी.

१४ जुलै

इंटर सायन्सचं लंबकाचं प्रॅक्टिकल लागलं. दोऱ्याला गोळी टांगायची, पन्नास झोके मोजायचे, स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची आणि त्यावरून 'जी' काढायचा, म्हणजे पृथ्वी वस्तूला किती ओढते ते. पुस्तकात ९८० दिला आहे. माझ्या लॅबमध्ये ९८० येतो. सहा वर्षांत चारशे पोरं झाली, एकाचाही ९७८च्या खाली नाही, ९८२च्या वर नाही. प्रो. जयवंत म्हणतात, असे रिझल्ट टाउनमधल्या जुन्या कॉलेजांतसुद्धा नाहीत. याला म्हणतात उपकरणांची निगा.

स्टॉपवॉच मी स्वतःच्या खिशात ठेवतो, काळ्या नाडीला बांधून. ४८ साली एकदा फरशीवर पडलं. त्यात माझी चूक नव्हती, लॅबचा हमाल दशरथ याने फरशी ओली ठेवली होती. अंधेरी स्टेशनजवळच्या घड्याळजीकडून दुरुस्त करून आणलं. तो म्हणाला, आता नव्यापेक्षा झकास चालेल. बाकी दोन कोरी स्टॉपवॉचं कपाटात आहेत, युनिव्हर्सिटीच्या परीक्षेपुरती. चांगली वस्तू रोज कशाला काढायची? एमिलियाही काचेचे ग्लास पाहुण्यांसाठीच ठेवते.

एम. एस्सी.चं ऑगस्टपासून.

२१ जुलै

एक मुलगी आहे, वनमाला परब. बोरीवलीहून येते, बाप गिरणीत. हिचा जी १०८४! लाल शाईने Repeat लिहिलं. माझी सही नसलेलं रीडिंग जर्नलमध्ये धरत नाहीत.

तिला म्हटलं, शेजारच्या टेबलावर बघ, ९८०.३ आलाय. ती म्हणाली, सर, त्याने लंबक हलवलाच नाही, तो मघापासून उलटं गणित करतोय. उलटं गणित म्हणजे आधी उत्तर ९८० धरायचं, मागे मागे जाऊन वेळ किती यायला हवी होती ते काढायचं, आणि ती वेळ रीडिंग म्हणून लिहायची. हे प्रकार इतर कॉलेजांत चालतात असं मी ऐकून आहे. तिला सांगितलं, दुसऱ्याच्या चहाड्या करू नये.

४ ऑगस्ट

वनमाला १०८३. Repeat.

११ ऑगस्ट

१०८६. मुलगी हट्टी आहे. कपाटातलं स्टॉपवॉच मागत होती. दिलं नाही. तेव्हा म्हणते, सर, हे घड्याळ मागे पडत असेल का? मी म्हणालो, घड्याळ मागे पडतंय की तू? सगळी बॅच हसली. चांगलं वाक्य होतं. लेक्चरर झाल्यावर अशीच वाक्यं लागतात, म्हणून टिपून ठेवतो. ती हसली नाही.

१९ ऑगस्ट

मरोळहून कॉलेजला चालत यायला मला माझ्या स्टॉपवॉचप्रमाणे बरोबर एकोणीस मिनिटं लागतात. त्या बेताने निघतो, तरी मस्टरवर रोज एक मिनिट लेट. कॉलेजचं घड्याळ पुढे आहे. ऑफिसला लेखी कळवलं. उत्तर नाही. या कॉलेजात अचूकपणाची कोणाला पर्वा नाही.

३० सप्टेंबर

वनमालेच्या जर्नलवर सात Repeat झाले. बाकीचे सगळे प्रयोग तिचे चोख आहेत, ते मी मान्य करतो. मी काही दुष्ट नाही. आज तिला बाजूला घेऊन सुचवलंसुद्धा, की पुस्तकातल्या आकड्यावर नजर ठेवून रीडिंग घ्यावं, म्हणजे हात स्थिर राहतो. ती म्हणाली, पण सर, तेवढं येत नाही ना. आता याच्यापुढे शिक्षकाने काय करायचं?

एम. एस्सी.साठी दोन वह्या आणल्या. कव्हरं घातली. थकलो.

२० ऑक्टोबर

टर्म संपली. वनमालेचं जर्नल पुरं नाही म्हणून सर्टिफिकेटवर सही केली नाही. तिची टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे यंदा परीक्षेला बसता येणार नाही. प्रो. जयवंतांनी विचारलं, काय भानगड आहे? मी म्हणालो, निष्काळजी हात. त्यांनी पुढे विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे.

दशरथ संध्याकाळी रदबदली करायला आला. त्यांच्याच बाजूची पोर आहे म्हणे, सावंतवाडीकडची. म्हणाला, सायबानू, पोर पाच वाजून गेले तरी झोके मोजीत बसता, एकदा तुम्हीच मोजून बघा मां. हमालाने डेमॉन्स्ट्रेटरला लंबक शिकवायचा! त्याला बजावलं की पाचनंतर लॅब उघडी दिसली तर रिपोर्ट करीन. जर्नल कपाटात टाकायला सांगितलं.

२५ डिसेंबर

नाताळ. एमिलियाने सगळ्या गावठाणाला सांगून टाकलंय की आमचे हे प्रोफेसर होणार. तिला म्हटलं, इतक्यात बोलू नये. पण बरं वाटलं. जयवंतांकडे केक पोचवला.

१५ जानेवारी १९५४

परीक्षेचे फॉर्म आज युनिव्हर्सिटीत गेले. वनमालेचा गेला नाही. तिचे वडील रात्रपाळी करून तसेच आले होते, टोपी हातात घेऊन उभे. त्यांना विज्ञानातली शिस्त समजावून सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पोरीने कॉपी केली काय? मी म्हणालो, नाही, तेच तर. मला म्हणायचं होतं वेगळं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, वर्ष फुकट घालवायची आमची ऐपत नाही, कुठे कामाला लागते का बघतो. आणि नमस्कार करून गेले.

मन जरा खट्टू झालं. पण नियम म्हणजे नियम.

१९ फेब्रुवारी

उद्या कमिटी. कोट शिवून आला, काखेत दाटतो. लॅब स्वतः पुसून घेतली. लंबकाच्या टेबलाशी सहा वर्षांच्या रिझल्टचं रजिस्टर उघडं ठेवलं आहे. घड्याळ मुद्दाम माझंच देणार, कपाटातलं नाही. सहा वर्षं त्यानेच यश दिलं. एमिलिया देवळात मेणबत्ती लावून आली.

२० फेब्रुवारी

कमिटी झाली. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

कमिटीत एक म्हातारे प्रोफेसर होते. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि विचारलं, सहा वर्षांत प्रत्येकाचा ९८०? जयवंत अभिमानाने हो म्हणाले. मी पुढे झालो. म्हातारे म्हणाले, कमाल आहे, माझा स्वतःचा कधी इतका बरोबर आला नाही. मला ती स्तुती वाटली. मी थँक यू म्हणालो.

मग त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशेजारी धरलं आणि चालू केलं. सगळे पाच मिनिटं दोन्ही काट्यांकडे बघत राहिले. पाच मिनिटं फार मोठी असतात. त्यांच्या घड्याळात तीनशे सेकंद झाले तेव्हा माझ्या घड्याळात दोनशे पंच्याऐंशी झाले होते.

म्हणाले, या घड्याळावर जी ९८० येणं शक्यच नाही, वेळ कमी दाखवतं म्हणून जास्तच यायला हवा, कोणाचा आला होता का? मी नाही म्हणालो. दशरथला कोणी विचारलं नव्हतं. त्याने कपाटातून वनमालेचं जर्नल काढून टेबलावर ठेवलं. म्हाताऱ्यांनी कागदाच्या कडेला गणित केलं. पाच टक्के मागे पडणाऱ्या घड्याळावर मुंबईत जी १०८४ यायला हवा. सात वेळा Repeat बघून विचारलं, ही लाल शाई कोणाची? मी म्हणालो, डिपार्टमेंटची.

जयवंत खाली बघत होते.

दशरथला माझ्याविरुद्ध कोणीतरी फितवलं आहे. आणि घड्याळजी चोर आहे.

१० मार्च

बी. एस्सी.चा वर्ग मंजूर झाला. लेक्चररच्या जागेवर चंद्रप्रकाश. माझाच विद्यार्थी, ४९च्या बॅचचा, आता एम. एस्सी. फर्स्ट क्लास. मी डेमॉन्स्ट्रेटरच, शिवाय स्टोअरच्या चाव्या दुसऱ्याकडे.

चंद्रप्रकाश लॅबमध्ये येऊन वाकून नमस्कार करून गेला. त्याचा जी ९८०.० होता, बॅचमध्ये सर्वांत अचूक. मी दरवर्षी पोरांना त्याचं उदाहरण देत आलो. आज त्याला विचारलं, तुझा कसा आला होता रे? तो हसायला लागला. म्हणाला, सर, आम्ही सगळे उलटंच गणित करायचो, पहिल्याच आठवड्यात सीनियर शिकवायचे. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. म्हणाला, आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे.

चारशे पोरांना माहीत होतं. दशरथला माहीत होतं. घरी एमिलियाला सांगितलं. शेजारच्या व्हायोलेटने पेढ्यांचं विचारलं तेव्हा ती आत निघून गेली. माझं डोकं त्यानेच जास्त तापलं.

२६ मार्च

प्रिन्सिपॉलांनी बोलावलं होतं. त्या मुलीने युनिव्हर्सिटीकडे अर्ज केला तर कॉलेजची वाट लागेल म्हणाले. जूनमध्ये तिला परत वर्गात बसवा, फी माफ, आणि तिला आणायचं काम तुमचं. जर्नल माझ्या हातात दिलं.

विचार केला तर हे वाईट नाही. मी मोठ्या मनाने गेलो, सही केली, मुलगी आनंदाने परत आली, हे जयवंतांच्या कानावर जाईलच. दुसरी जागा कधीतरी निघेल. एम. एस्सी. जूनपासून नक्की.

तिच्या शेवटच्या, आठव्या रीडिंगखाली सही केली. निळ्या शाईने. लाल बरी दिसली नसती.

२८ मार्च, रविवार

देवळात मिस्सा आटोपून बोरीवलीला गेलो. चाळीत खोली सापडली. आईने, रुक्मिणीबाईंनी, चटई घातली, चहा केला. एका शब्दाने टोचलं नाही. वनमाला आता मालाडला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. बाटल्यांना लेबलं लावायची. धाकट्या भावाची फी तिच्यावर आहे. सुट्टीचा दिवस म्हणून घरी होती. बोटांना डिंक लागलेला, सोलून काढत बसली होती.

मी पाठ केलेलं सगळं बोललो. जर्नल पुढे ठेवलं, सही दाखवली. म्हणालो, तुझं रीडिंग बरोबर होतं.

तिने विचारलं, सर, तुम्ही स्वतः घेऊन बघितलंत? मी म्हणालो, हो, परवाच घेतलं. ती म्हणाली, त्याच घड्याळावर? मी म्हणालो, हो, अगदी त्याच. तिचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत तिला असं बघितलं नव्हतं. पुढे सरकून बसली आणि म्हणाली, किती आला?

मी म्हणालो, ९८०.

तोंडातून गेलं. सहा वर्षांची सवय. ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी तिच्या बापासारखी. मग जर्नल मिटलं, माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली, चहा निवतोय, सर.

चहा प्यालो. काय करणार? रुक्मिणीबाई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, मास्तर, रागावू नका, ती आता काय येवची नाय.

आज लाज वाटली. कोणाची तरी चूक काढावी म्हणून बराच वेळ वही पुढे घेऊन बसलो, सुचलं नाही. जर्नल माझ्याकडेच आहे. प्रिन्सिपॉलांना काय सांगायचं ते उद्या बघतो.