काठीला आधार

४ एप्रिल

चि. बारकूस,
अ. उ. आ.

सकाळी तुझा फोन वाजत होता तेव्हा मी शेजारीच बसले होते. मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागतं. तर वाच. बागेतलं तळं बुजवायचं नाही.

दवाखान्यात मी तुला शब्द दिला होता, कबूल. पण गुडघ्याचं हाड तडकलेलं, वर त्या इंजेक्शनची गुंगी. तेव्हा तू घराचं छप्पर काढू या म्हणाला असतास तरी मी मान डोलावली असती. तो शब्द मी आता शुद्धीवर येऊन परत घेते आहे. मी घसरले ती शेवाळलेल्या फरशीवरून. तळ्याने मला ढकललं नव्हतं.

आणखी एक. जाण्याआधी तू माझ्यावर उपकार म्हणून तळ्याची साफसफाई केलीस. पाण्यात उभे असलेले सगळे लव्हाळे आणि वाळक्या काड्या उपटल्यास, सिमेंटची कड घासून घासून गुळगुळीत केलीस. हौस दांडगी! अरे, तळ्यावर भिरभिरणाऱ्या त्या चतुरांची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्याखाली वाढतात आणि पंख फुटायची वेळ आली की काडी धरून वर येतात. काडीच नसेल तर ती बिचारी पाण्यातच संपतात. जन्मभर लिफ्टची तपासणी केलेल्या माणसाने लोकांचा जिनाच काढून न्यावा, याला काय म्हणायचं?

तू आणलेली काठी दारामागे आहे. तिला भिंतीचा आधार दिलाय. मला लागत नाही.

सुट्टीवर जाताय ते बरं झालं. तुझ्या बायकोला आशीर्वाद. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अक्का

---

९ एप्रिल

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

निघता निघता तुझं पत्र हाती पडलं. इथे सरोवराकाठच्या विश्रामगृहात येऊन पुन्हा दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, आणि हेकेखोरपणाही.

जिन्याचा टोमणा पोचला. मला काय ठाऊक की त्या कचऱ्यावरून कुणाची ये-जा असते? पण तू मला एक सांग. त्या फरशीवर तू किती वेळ पडून होतीस? दूधवाला मागच्या दाराने आला म्हणून सापडलीस. नसता आला तर? हे तू अजून एकदाही बोलली नाहीस. मी मात्र झोपेतून दचकून उठतो. अक्का, मला बारकू म्हणणारं आता जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. बाकी सगळ्यांसाठी मी निवृत्त साहेब आहे.

म्हणून माझंही ऐक. एक तर तळं बुजेल, नाहीतर तू आमच्याकडे राहायला येशील. दोन्हीतलं तू निवड. गवंड्याला मी सांगून ठेवलंय, बावीस तारखेला सोमवारी सकाळी तो खडी घेऊन येईल.

ताजा कलम: इथे पाण्यावर तुझ्या किड्यांची नुसती झुंबड आहे. ही विचारते, त्यातले चतुर कुठले नि टाचण्या कुठल्या? मला काही घेणं नाही, ही विचारते म्हणून लिहिलं.

प्रकृतीला जप. रोष नसावा.

तुझा,
बारकू

---

१३ एप्रिल

चि. बारकूस,
अ. उ. आ.

आधी तुझ्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिने शहाण्यासारखा प्रश्न विचारला. बसल्यावर विमानासारखे पंख पसरून ठेवतो तो चतुर. बारीक अंगाची, बसली की पंख पाठीवर मिटून घेते ती टाचणी. आणि पिल्लाचा जबडा पाहायला मिळाला तर जरूर पाहा म्हणावं. मी इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, चांगले चांगले जबडे हाताखालून गेले. पण याने आपला जबडा घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो आणि डासाची अळी दिसली की सट्‌कन पुढे फेकतो. असली कवळी मला सात जन्मात जमली नसती.

आता तुझा प्रश्न. बराच वेळ पडून होते. हाका मारून घसा बसला. भीती वाटली रे, खूप वाटली. मग हाका थांबवल्या, गाल फरशीला टेकलेला होता आणि पाणी अगदी डोळ्यांसमोर. निळ्या टाचण्यांची एक जोडी लव्हाळ्यावर येऊन बसली. मादी देठात अंडी घालत होती आणि नर तिची मान धरून पहारा देत होता. त्यांचं आवरेपर्यंत मी तिकडेच बघत राहिले, आणि दूधवाला आला. तो देठही तू उपटलास, पण ते जाऊ दे. सांगायचं इतकंच की ज्याच्या जिवावर मी ती वेळ काढली तेच तू बुजवायला निघाला आहेस.

आणि तुमच्याकडे मी येणार नाही. आठव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? तुमची लिफ्ट पक्की आहे, हे तुझ्या तोंडून शंभरदा ऐकलंय.

गवंड्याला येऊ दे. मी घरीच आहे.

पाण्यात जास्त आत जाऊ नका, तुला पोहता येत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

---

१७ एप्रिल

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

एक गंमत लिहितो, पण त्यावरून हुरळून जाऊ नकोस. निघण्याआधी मी गाडीला पॉलिश करून घेतलं होतं. काल दुपारी बघतो तर एक लाल चतुर बॉनेटवर शेपूट टेकवतोय, उडतोय, पुन्हा येऊन टेकवतोय. मला वाटलं गाडीशी खेळतोय. ही जवळ गेली आणि म्हणाली की चतुर कसला, मादी आहे ती, चकचकीत पत्र्याला पाणी समजून अंडी घालते आहे. खरंच बारीक बारीक अंडी होती, तापलेल्या पत्र्यावर. हाकललं तरी जाईना. शेवटी मी खोलीतली चादर आणून गाडीवर टाकली. व्यवस्थापक येऊन ओरडून गेला. हिने तर हसून हसून पोट धरलं.

तर असल्या बावळट प्राण्यासाठी तू हातपाय मोडून घेणार. तुझं तळं गेलं तर त्यांना दुसरं पाणी मिळेल. पण मला दुसरी अक्का कुठून मिळणार?

तू पडली होतीस तो भाग मी हिला वाचून दाखवत होतो, पुरा वाचता आला नाही. गवंडी सोमवारी येईल. त्याला थांबवायला मी फोन करणार नाही.

राग आला तरी उत्तर दे.

तुझा,
बारकू

---

२२ एप्रिल, सोमवार

चि. बारकूस,
अ. उ. आ.

बावळट ती नाही. सरोवर शेजारी असूनही तिला अंडी घालायला शांत, उथळ पाणी सापडत नव्हतं. मिळेल दुसरं म्हणतोस ना? मग ती तुझ्या बॉनेटवर का आली? तू आणि तुझ्यासारखे सगळे पाणी बुजवत निघालात तर त्यांनी तुमच्या गाड्यांवरच संसार मांडायचे. तरी चादर टाकलीस, त्याबद्दल तुझे शंभर गुन्हे माफ.

आज सकाळी उजाडताच बागेत गेले. पिल्लं वर आली होती. तू घासलेल्या कडेवर चढायला बघायची, अर्ध्यावर घसरून पुन्हा पाण्यात. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. वाकून काही लावावं तर गुडघा वाकेना, आणि तू बागेत काडी म्हणून शिल्लक ठेवलेली नाहीस. मग आत गेले आणि दारामागची तुझी काठी आणली. तिलाही तू पॉलिश केलेली! मग गुडघ्याची पट्टी सोडली, काठीला वरपासून खालपर्यंत गुंडाळली, आणि काठी तळाच्या गाळात घट्ट रोवली.

खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने एक पिल्लू आलं, पट्टीत नख्या रुतवून वर चढलं आणि मुठीपाशी थांबलं. पाठ उकलली. आतून फिकट, ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि उलटं लोंबकळत राहिलं. तेवढ्यात तुझा गवंडी खडीची गाडी घेऊन हजर. मी त्याला सांगितलं की काठीला हात लावायचा नाही आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर या तळ्यात एक खडा पडायचा नाही. तो म्हणाला की साहेबांनी तर बुजवायला सांगितलंय. मी म्हटलं, साहेब माझा धाकटा भाऊ आहे, त्याचं नाक मी पुसलंय. तो हसला आणि घमेलं उपडं घालून त्यावर बसला. पंख पूर्ण उघडून ते उडेपर्यंत आम्ही दोघे तिथेच.

खडी मी परत पाठवली नाही. ज्या फरशीवरून घसरले ती त्याच्याकडून उखडून घेतली आणि मागच्या दारापासून तळ्यापर्यंत खडीची खरबरीत वाट करून घेतली. कडेला धरायला पाइपही बसवतोय. तुला हवं होतं ते सगळं झालं, फक्त तळं जिथल्या तिथे आहे.

मुठीवर त्याची कात अजून आहे. खाली दुसरं एक वर यायला लागलंय, मागे आणखी रांग आहे. ही काठी आता कामात आहे, पावसाळ्यापर्यंत तरी मोकळी होणार नाही.

तेव्हा मला चालायला दुसरी पाठव. आणि दोघं या, गाडी सावलीत लावा. लोभ आहेच, तो असाच भांडत राहू दे.

तुझी,
अक्का