चुलीवरच्या माळ्यावरचा तंबू

वैनी,

तंबू चुलीवरच्या माळ्यावर मीच ठेवला व्हता. गेल्या रविवारी धरणावर आपल्या तंबूत ऱ्हायलेले पाव्हणे गेल्यावर तू म्हणालीस, "ओला गुंडाळू नगस, दोन दिस वाळू दे." मी शाळा सोडली म्हणून समदी मलाच शिकवत्यात, असा राग आला आन् तसाच गुंडाळला. बी-बियाणं तितं धुरात कोरडं ऱ्हातं, तसा तंबू बी ऱ्हाईल वाटलं. आतलं प्लास्टिक शेकून चिकाटलं.

काल दादाला वाटलं तंबू तूच खराब केलास, आन् तो तुला म्हणाला, "तुज्या माहेरात तंबू बघितलाय का कुणी?" तू माज्याकडं बघितलंस, पण माजं नाव न्हाई घेतलंस. मी खाली मान घालून भाकरी खात बसले. लई लाज वाटतीया.

तंबू गार पाण्यानं पुसून पडवीत सावलीला वळणीवर टाकलाय. चिकाटलेलं ओढू नगस, फाटंल. दांड्या कोरड्या करून पलंगाखाली ठेवल्यात.

दादाचा डबा घिऊन उरवड्याला कंपनीच्या गेटवर चाललीय. आधी त्याला खरं सांगणार, मग डबा देणार. आधी डबा दिला तर तो लगीच आत जाईल, आन् मी परत गप बसंन.

सृष्टी