मान न वळवता

बूढ़ापारा, रायपूर
दिवाळीनंतरचा मंगळवार

प्रिय यशोधन,

तुले पोटभर आशीर्वाद. डिसेंबरात तू फौजेत अफसर होऊन घरी येणार, हे तुझ्या आईनं वाचून दाखवलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, गुडघे दुखतात तरी! शेजारच्या शारदाबाईले सांगितलं, भाजीवालीले सांगितलं. ती म्हणे, "हव दाई, मिठाई कब खवाहू?" म्हटलं, पोट्टा येऊ तं दे. मी चौथीपर्यंतच शिकली, अक्षर वाकडंतिकडं आहे, हसू नको.

राजधानी झाल्यापासून रायपूर ओळखू येत नाही. जुन्या दवाखान्यात मंत्रालय बसलं. लाल दिव्याच्या गाड्या आपल्या गल्लीत शिरतात आन् अडकतात, मग स्कूटरवाले त्यायले मागं रेटायले लावतात. मजाच मजा. तुझा बाबा त्याच मंत्रालयाच्या फाटकावर पहाऱ्यावर होता. होता म्हणते, कारण आता नाही. उजवीकडून एका साहेबाची गाडी आली. त्याले दोन दिसल्या. खोटीपासून बाजूले सरला आन् खरीच्या पुढं गेला. लागलं नाही, देवाची कृपा. पण ठेकेदारानं सांगितलं, शेखरभैया, कल से मत आना. तुले कळवू नको म्हणे शेखर, पोट्ट्याचं ट्रेनिंग सुरू आहे.

त्याचा उजवा डोळा तू पाहिलाच आहे. नाकाकडच्या बाजूनं पापणी आतून डोळ्याले चिकटली, दुधाची साय भांड्याले धरते तशी. समोर पाहिलं तं सगळं एकच दिसते. उजवीकडे पाह्यले गेला की पापणी डोळ्याले वळूच देत नाही, मग एकाचे दोन. सारखं पाणी गळते. सकाळी तुझी आई सुनीती कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसते तेव्हा तो दातावर दात धरून बसते.

पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात म्हणतात, काश्मिरात गोळी लागली. तूही शाळेत तेच सांगायचा आन् तो उठून अंगणात जायचा. बेटा, गोळी नव्हती ती. जनरल साहेब पाहणीले येणार म्हणून छावणीतले दगड अन् झाडांचे बुंधे चुन्यानं रंगवून राहिले होते. पिंपात चुना विरवताना उसळला, तो डोळ्यात गेला. झालं. नोकरीची वर्षं पुरी नव्हती, घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन मिळाली असती, तं फौजेच्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरनं टक्के कमी धरले. बंदुकीसाठी डोळा खराब, पेन्शनीसाठी चांगला!

असं काहून झालं ते मले लय वर्षांनी समजलं. तो पांडुरंगमामाले हसत हसत सांगत होता. बोर्डापुढं सावधान उभा होता. डॉक्टर म्हणे, दाहिने देखो. यानं परेडीत सलामी देतात तशी खाडकन मानच वळवली. मान वळली तं उजवीकडचं समोर आलं, एकच दिसलं. डॉक्टर म्हणे, कोई तकलीफ? हा म्हणे, नहीं साहब! मामा पोट धरून हसले. मले हसू आलं नाही. मागून विचारलं, काहून रे नाही सांगितलं? तं म्हणते, "आई, माझ्या टुकडीतले दोघं बर्फातच राहिले. मी चुन्यासाठी हात पसरू?"

आता माजी सैनिकांचं ऑफिस इथंच आलं. सुनीतीनं त्याले न विचारता अपील लावलं आन् ते मंजूर झालं. जानेवारीत जबलपूरले पुन्हा बोर्ड आहे. यावेळीही त्यानं तकलीफ नाही म्हटलं तं परत कोणी बोलावणार नाही, अन् मी किती दिवसाची? मी समजावलं, सुनीती रडली. तो म्हणते, साहेब विचारतील ते सांगीन. म्हणजे तेच सांगल. बेटा, तो आईचं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही. फक्त हुकूम ऐकते. म्हणून हे पत्र. घरी येशील तं वर्दीतच ये, अन् पाया पडायच्या आधी दारातच त्याले हुकूम दे. हवालदार शेखर, बोर्डापुढं मान हलवायची नाही, नुसता डोळा फिरवायचा. दोन दिसले तं दोन म्हणायचं. चुना होता तं चुना म्हणायचं. बापाले पोरगा असं बोलत नाही, हे मले समजते रे. तुझी जीभ अडखळल, तरी बोल. तो टाच जुळवून तुले "जी साहब" म्हणल. तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन बसीन. आईनं ते पाहू नये.

तुझीच, वाट पाहून राहिलेली
कलावती आजी