वीतभर ताणा

आप्पा, आज तुमची लई आठवण आली, आणि तीही कुठं, तर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. तुम्ही होता तेव्हा मी कारखान्यात नुकतीच चिकटले होते. "आमची बाई हापिसात फळ्यावर लिवती," असं तुम्ही अख्ख्या वडगावात सांगत फिरायचा. खोटं नव्हतं. कुठलं मशीन कुणाकडं आहे, कुठं अडलंय, रंगवायला कधी जाणार, हे सगळं मी खडूनं फळ्यावर लिहायची, आणि नाही लिहिलं तर मशीनं जोडतात तिथं, शॉपमध्ये, जाऊन ओरडून सांगायची. त्याच टेबलावर माझे केस पांढरे झाले. यंदा पुण्याच्या मोठ्या ऑफिसनं तो फळा काढायला लावला. आता सगळं एका सॉफ्टवेअरात. प्रत्येक मशीनची कामं त्यात तोडून घालायची, प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, पट्टीपुढं ते करणाऱ्याचं नाव आणि किती झालं ते टक्क्यांत. वेळेत असेल तर पट्टी हिरवी, रखडलं तर लाल. पुण्यातले साहेब तिथं बसून आमच्या बेळगावच्या पट्ट्या बघणार.

मी शिकले हो. नको म्हणून बसणाऱ्यातली मी नव्हे, तुमचीच लेक. पासवर्ड विसरले, भलत्याच मशीनची तारीख बदलून ठेवली, एकदा तर अख्खी ऑर्डर गायब केली आणि घामानं भिजले, पण शिकले. एकच गोष्ट हातून होईना. काम पुरं झालं तरी त्याच्यापुढं शंभर लिहवेना. नव्वद लिहायची, फार तर पंच्याण्णव, आणि हात थांबायचा. का, ते माझं मलाच कळत नव्हतं. वाटायचं, असू दे थोडं.

ह्या 'असू दे थोडं'नं माझी पार शोभा केली. बघता बघता आमच्या सगळ्या पट्ट्या लाल झाल्या. एक मशीन जोडून, तेल भरून, चालवून बघून शेडमध्ये उभं होतं आणि रंगवणारे चहा पीत बसलेले, कारण जोडणीचं काम शंभर झाल्याशिवाय त्यांना निरोपच जात नाही. गिऱ्हाइकाचा ट्रक आला आणि रिकामा परत गेला. मग साहेबांचा फोन. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला जमत नसेल तर प्लॅनिंग पुण्याला घेऊ. तुमचं स्टोअरमध्ये बघू काहीतरी." म्हणजे मला नटबोल्ट द्यायला बसवणार. इतक्या वर्षांचं टेबल, आप्पा. त्या दुपारी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

आम्हाला शिकवायला धारवाडची एक मॅडम येते, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. "आक्का, काम झालंय की री. मग सगळीकडं पंच्याण्णवच का?"

"पार रिकामं करू न्हाय मॅडम," माझ्या तोंडून गेलं. "आमच्या विणकरांत माग कधी रिकामा ठेवत न्हाईत."

बोलून गेले आणि मग मलाच कळलं, हात कुठं अडतोय ते.

तुम्हाला आठवतंय? शाळेतून येऊन मी मागाशेजारी सुताच्या कांड्या भरत बसलेय. तुम्ही साडी कापून काढता आणि वीतभर ताणा तसाच मागावर सोडता. मला वाटतं, हे काय अर्धवट. तुम्हाला मदत म्हणून मी कात्री घेऊन ते उरलेले उभे धागे साफ करायला जाते आणि तुम्ही माझं मनगट धरता. एवढ्या जोरात तुम्ही मला कधी धरलं नव्हतं. "ए शाणे, ते कापलंस तर नवा ताणा कुणाला धरून येणार गं?" मी रडायला लागले तसं जवळ बसवून दाखवलंत. जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक पिळून सांधायचं, असं एकेक करत सगळे, मग जुन्याच्या मागोमाग नवा आपसूक मागात ओढला जातो. आईचंही तेच. तांदळाच्या डब्यात मूठभर राखल्याशिवाय तिनं कधी नवे तांदूळ ओतले नाहीत. ओढाताण होती, पण आपल्या घरात कुठली गोष्ट तळाला गेलेली मी बघितली नाही.

मॅडम हसली नाही. म्हणाली, "आमची अव्वा, म्हणजे आई, पण जोंधळ्याच्या कणगीत थोडं ठेवते री." मग जरा विचार करून म्हणाली, "सरावाला एक खोटं प्रोजेक्ट उघडू या. मशीन नको. तुम्हाला पाठ असलेलं काम घाला." मी आपली साडी घातली. कांड्या भरणे, सांधणी, विणणे, साडी काढणे. तिनं मला एका पट्टीच्या शेवटापासून पुढच्या पट्टीच्या सुरुवातीपर्यंत बाण ओढायला लावला. "सांधा इथं बांधलाय, आक्का. आता सांधणी शंभर करा आणि बघा." केली. ती हिरवी झाली आणि विणण्याला आपोआप सुरुवातीचा निरोप गेला. मी बघतच बसले. ह्यात धरायचं टोक आधीच बांधून ठेवतात, आप्पा, मागं उरवावं लागत नाही. मग शॉपमधली खरी कामं उघडली आणि झालेल्या एकेकापुढं शंभर लिहीत गेले. पहिल्याला वेळ लागला, पुढची भराभर झाली. थोड्या वेळानं रंगवणाऱ्यांचा मुकादम दारात येऊन म्हणाला, "आक्का, आलं की वो मशीन आमच्याकडं." टेबल अजून माझ्याकडंच आहे.

हे तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. पण एक राहिलं. कामापुढं करणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय ते सॉफ्टवेअर पुढं सरकत नाही. त्या सरावाच्या साडीत कांड्यांपुढं मी माझं नाव घातलं, सांधणीपुढं आईचं, आणि विणण्यापुढं तुमचं. तुमची शेवटची साडी अजून मागावर आहे. जांभळी, अर्धी विणलेली. दवाखान्यात जाताना तुम्ही "आलो की पुरी करतो" म्हणाला होता. थोरल्या अण्णानं दुसरा माग भंगारात घातला, आता हाही घालू म्हणतो, गाडी लावायला जागा पाहिजे त्याला. मी नको म्हणते. साडीचा रंग उडालाय, ते मलाही दिसतं.

सराव झाल्यावर मॅडम म्हणाली होती, ते खोटं प्रोजेक्ट आता काढून टाका आक्का. मी व्हय म्हणाले. दर सोमवारी सकाळी ते सॉफ्टवेअर ज्याच्या त्याच्याकडं रखडलेल्या कामाची आठवण पाठवतं. तुमचा पत्ता त्याला माहीत नाही, म्हणून तुमची माझ्याकडं येते. आज पण आली. 'विणणे. आप्पा. काम बाकी आहे.' हे पत्र तरी मी कुठल्या पत्त्यावर टाकणार. मॅडमना, साहेबांना, सगळ्यांना मी सांगितलंय, मला आता शंभर लिहायला जमतं. तेवढं एक मी लिहीत नाही.