सुखनगरच्या वेशीबाहेर चंपत

मी, वसुंधरा बाबाराव ढोमणे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार कोहका, भिलाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा भाऊ चंपत तो आधी मागेल.

१. माझ्या तिन्ही कादंबऱ्या सुखनगर नावाच्या कल्पित गावाच्या आहेत. तिथे बायका आधी जेवतात आणि घरातून कोणाला घालवता येत नाही. प्राध्यापक दीनानाथ यांनी त्यावर दोनशे पाने खर्चून परदेशी तत्त्वज्ञानाचा प्रभाव शोधला. मला विचारायचे मात्र त्यांना सुचले नाही. कारखान्याच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये माझी आई कलावती सगळ्यांचे आटोपल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवायची. हाच तो प्रभाव. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये.

२. कोहक्याचे घर, जे मी माझ्या पगारातून बांधले, ते हर्षा साहू हिला द्यावे. कारण लिहिते. बाबा वारल्यावर चंपतने वैशाली नगरचे घर आईकडून आपल्या नावावर करून घेतले आणि तीन महिन्यांत तिला पेटीसकट माझ्या दारात आणले. म्हणाला, "तुले तं लेकरंबाळं नाही. आई तुयापाशीच बरी राहीन." आई लाजेने ऑटोतून उतरेना. मी चंपतशी भांडत राहिले. हर्षा तेव्हा माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. ती ताट घेऊन ऑटोत जाऊन बसली. "दाई, पहिली तैं खा, पाछू हमन." म्हणजे आधी तू जेव, मग आम्ही. आई जेवली आणि उतरली. त्याच आठवड्यात मी सुखनगरचे पहिले पान लिहिले.

३. पुरस्कार मिळाल्यापासून चंपत 'लेखिकेचे बंधू' म्हणून सत्कार घेतो आणि या घराचे स्मारक करू म्हणतो. त्याने माझे एकही पुस्तक वाचलेले नाही. त्याला तिन्ही पुस्तके द्यावीत, दुसरे काही नाही.

४. चौथी कादंबरी अपुरी आहे. तिच्यात चंपतसारखा एक म्हातारा, मुलांनी हाकललेला, सुखनगरच्या वेशीवर येतो. दोन वर्षे झाली, मी त्याला उभाच ठेवला आहे. आईपाशी आमची बोली शिकलेली हर्षा म्हणाली, "दीदी, त्याले आत घ्या, नाही तं गावाचं नाव बदला." तिचे बरोबर आहे. हस्तलिखित तिलाच द्यावे. तिला वाटल्यास तिने त्याला आत घ्यावे. माझ्या हातून ते होणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

वसुंधरा बाबाराव ढोमणे

साक्षीदार:
१. मृणाल खानझोडे, शेजारी
२. ऋषभ देवांगन, औषध दुकानदार

कोहका, भिलाई
१४ फेब्रुवारी २०२४